नवा सेल टाकूनही टॉर्च टिकत नाही, चार्ज होत नाही किंवा तापतो: काय तपासायचं

पावसाळा तोंडावर आला की इंदुरात लाईट जायला लागते, कपाटातला टॉर्च बाहेर निघतो आणि त्याच्यामागून तीच तक्रार येते. "नवा सेल टाकला, रात्रभर चार्जिंगला लावला, हिरवा दिवा लागला, तरी पंधरा मिनिटांत उजेड मंद." सेल बदलला जातो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. कधी तक्रार याहून गंभीर असते: चार्जिंगला लावलेला टॉर्च उचलला तर चटका बसतो. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरकडचे ओळखीचे लोक असे टॉर्च माझ्याकडे आणून देतात. उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा टॉर्च ठणठणीत असतो. सेल, चार्जर आणि टॉर्च या तिघांचं एकमेकांशी जमत नसतं. आकाराने आत बसला म्हणजे तो त्याच टॉर्चचा सेल, असं आपण धरून चालतो आणि सगळी गडबड तिथून सुरू होते.

इथे बोलतोय ते १८६५० या लिथियम-आयन सेलबद्दल. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हा आकडा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत, पुष्कळशा पॉवर बँकांत आणि आता पुष्कळ चांगल्या टॉर्चमध्ये हाच असतो. परदेशात ई-सिगारेटमध्येही हाच सेल सुटा वापरतात, आणि खिशात किल्ल्यांबरोबर ठेवलेला सेल पेटून मांडी भाजल्याच्या घटना तिथल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्या आहेत. आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. पण सेल तोच आहे आणि तो आपल्या मुलांच्या दप्तरात, ट्रेकच्या सॅकमध्ये, गाडीच्या डिकीत सुटा पडलेला असतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुट्या १८६५० सेलबद्दल जाहीर इशारा दिला, तो याच कारणाने: हे सेल मुळात संरक्षक सर्किट (धोका दिसताच सेलची वीज तोडणारं) असलेल्या पॅकमध्ये जोडण्यासाठी बनतात, एकेकटे हाताळण्यासाठी नाही.

हे दिसलं तर पुढचं काहीही करू नका

सेल हातात घेऊन उजेडात नीट फिरवा. वरचं रंगीत प्लास्टिक कुठे फाटलंय का, विशेषतः प्लसच्या टोकाच्या कडेला, हे बघा. या सेलचा सगळा धातूचा डबा, म्हणजे बाजू आणि तळ, मायनस असतो. प्लस म्हणजे फक्त वरची टोपी. दोघांच्या मधे असतं ते पातळ प्लास्टिक आणि कागदासारखी एक गोल चकती, एवढंच. त्या कडेला नखाएवढं प्लास्टिक निघालेलं असलं आणि टॉर्चच्या नळीला किंवा एखाद्या नाण्याला टेकलं, तर थेट शॉर्ट. अशा वेळी सेलमधून कित्येक दहा अँपिअर करंट वाहतो आणि काही सेकंदांत तो हातात धरवत नाही.

प्लास्टिक फक्त फाटलेलं असेल आणि आतला डबा धडधाकट असेल, तर नवी उष्णतेने आवळणारी नळी चढवता येते. पण डबा चेपलेला असेल, प्लसच्या टोपीखालच्या बारीक भोकांतून चिकट काही बाहेर आलेलं असेल, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येत असेल किंवा नुसता ठेवलेला असतानाही सेल कोमट लागत असेल, तर त्याचं काम संपलं. मीटर लावायचं नाही, "एकदा चार्ज करून बघू" म्हणायचं नाही. घराबाहेर, जळण्यासारखं काही जवळपास नसेल अशा जागी न्यायचा.

आणि पेट घेतलाच, तर प्लग लावलेला असल्यास आधी मेन स्विच बंद करा आणि मग भरपूर पाणी ओता. लिथियम म्हटलं की पाणी नको, असं बरेच जण सांगतात. या सेलमध्ये शुद्ध लिथियम धातू नसतो. आग थांबवायला सेल थंड होणं महत्त्वाचं, आणि थंड करण्याचं काम पाणीच सर्वांत चांगलं करतं. वाळूने ठिणग्या अडतात, पण सेल आतून तापतच राहतो. धूर मात्र विषारी असतो, तो अजिबात श्वासात घेऊ नका.

टॉर्च कुठल्या जातीचा आहे?

ही पायरी लोक हमखास सोडतात आणि सर्वांत धोकादायक प्रकार मी इथेच पाहिलेत.

बाजारात अजून भरपूर टॉर्च असे मिळतात ज्यांच्या बुडाशी घडी होणारी दोन पिनांची पट्टी असते. ती उघडायची आणि टॉर्च सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा. यांच्या आत बहुधा ४ व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते, चौकोनी डबीसारखी. दीड-दोन वर्षांत ती मरते. मग कोणीतरी सल्ला देतं, "ही काढ आणि १८६५० टाक, व्होल्ट सारखेच आहेत." ४ आणि ३.७ जवळजवळ सारखे दिसतात खरे. एका काकांनी असाच बदललेला टॉर्च आणून दिला होता. आत सेलला दोन वायरी थेट डाग देऊन चिकटवलेल्या, मधे कसलंही सर्किट नाही, आणि सेलचं प्लास्टिक तपकिरी पडून सुरकुतलेलं.

झालं होतं असं: त्या टॉर्चमध्ये चार्जर म्हणून एक कपॅसिटर, चार डायोड आणि एक-दोन रेझिस्टर असतात. २३० व्होल्टमधून थोडा करंट पुढे सोडणं एवढंच त्यांचं काम. बॅटरी भरली की थांबायचं, हे त्या सर्किटला माहीतच नाही. लेड-ॲसिडची ४ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना ४.८ व्होल्टच्या आसपास जाते आणि ते तिला चालतं. लिथियम-आयन सेलची शेवटची हद्द ४.२ व्होल्ट आहे. त्याच्या पुढे ढकलत राहिलं की आत वायू तयार होतो, सेल तापतो आणि एका टप्प्यानंतर स्वतःच स्वतःला तापवायला लागतो. त्या टॉर्चचा लाल दिवाही फक्त "सॉकेटमध्ये वीज आहे" एवढंच सांगतो, चार्जिंग पूर्ण झाल्याचं नाही. शिवाय या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणून प्लग लावलेला असताना आतला प्रत्येक भाग मेनच्या विजेला जोडलेला असतो. झाकण उघडून मीटर लावायला गेलात तर शॉक बसेल.

तेव्हा दोन पिनांचा टॉर्च असेल, तर त्यात १८६५० टाकायचा नाही. तशीच ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी महाराणी रोडवर मिळते, ती टाका किंवा टॉर्च बदला. यावर माझं मत पक्कं आहे.

दुसरी जात सोलर कंदील आणि सोलर टॉर्चची. यांच्यात लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल असू शकतो. आकार तोच १८६५० किंवा त्याहून जाड ३२६५०, पण अंगावर ३.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि चार्जिंगची हद्द ३.६५ व्होल्ट. त्यात साधा ३.७ वाला टाकला तर चार्जर ३.६५ वर थांबतो. साध्या सेलच्या दृष्टीने ही अर्ध्याहूनही कमी भरलेली टाकी, म्हणून "नवा सेल, तरी दहा मिनिटं" ही तक्रार. उलट केलं, ३.२ वाला सेल साध्या चार्जरमध्ये लावला, तर तो ओव्हरचार्ज होतो. म्हणून जुना सेल फेकण्याआधी त्याच्या अंगावरचा व्होल्टचा आकडा वाचा, फोटो काढून ठेवा आणि दुकानात तोच दाखवा.

पेन्सिल सेलच्या मापाचा १४५०० हा तसाच फसवा. दिसायला अगदी घड्याळातल्या सेलसारखा, पण १.५ ऐवजी ३.७ व्होल्टचा. भिंतीवरच्या घड्याळात किंवा खेळण्यात तो गेला तर ते जळणार.

उजेड लवकर मंद होतो

टॉर्च यूएसबीने चार्ज होणारा असेल आणि आत ३.७ व्होल्टचा सेल असेल, तर सर्वांत आधी संशय सेलवर घ्या. त्याच्या अंगावर काय लिहिलंय? ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप), ८८००, ६८००? असा १८६५० जगात कोणी बनवत नाही. नामवंत कंपन्यांचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात, अगदी अलीकडचे थोडेसे पुढे गेलेत. यापेक्षा मोठा आकडा छापलेला दिसला तर आत काय असेल याची काहीच खात्री नाही. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलवर नवं प्लास्टिक चढवलेलं असतं, किंवा मोठ्या डब्यात छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भलतंच काहीतरी भरलेलं असतं.

घरबसल्या दोन चाचण्या होतात. पहिली, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. अस्सल १८६५० साधारण ४३ ते ४९ ग्रॅम भरतो. मी वर सांगितलेल्या सुरकुतलेल्या सेलवर ९९०० छापलं होतं आणि काट्यावर तो ३१ ग्रॅम भरला. दुसरी चाचणी वेळेची. यूएसबीच्या साध्या टॉर्चमधला चार्जर फार तर १ अँपिअर देतो, पुष्कळदा त्याच्या अर्धाच. रिकामा झालेला ३००० एमएएचचा सेल १ अँपिअरने भरायला तीन तासांहून जास्त वेळ लागायलाच हवा. तुमचा टॉर्च पाऊण तासात हिरवा दिवा दाखवत असेल, तर सेलमध्ये भरण्यासारखी जागाच नाही. हिरवा दिवा खोटं बोलत नाहीये, सेल खरंच "भरलाय", फक्त तो तेवढाच आहे.

खरेदीबद्दल इथेच सांगतो. जेल रोडला किंवा सियागंजात "भिया, पूरा ओरिजनल है, आँख बंद करके ले जाओ" असं ऐकू येईल. डोळे उघडे ठेवून आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर-ने सुरू होणारा आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक सेलवर किंवा पाकिटावर शोधा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा रिचार्जेबल सेलना तो बंधनकारक आहे आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोफत ॲपमध्ये टाकून तपासता येतो. दुकानातच तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

सेल अस्सल वाटतोय, तरी टिकत नाही? मग मीटर लागेल. मल्टिमीटरचा खटका डीसी २० व्होल्टवर, लाल वायर व्होल्टच्या भोकात. १० अँपिअरच्या भोकात लाल वायर राहिली असेल तर मीटर सेलला सरळ शॉर्ट करतो, म्हणून आधी ते भोक बघायचं, मगच टोकं लावायची. पूर्ण चार्ज झालेला सेल बाहेर काढून तासाभराने ४.१५ ते ४.२ दाखवायला हवा. तो तसाच आठवडाभर ठेवा. न वापरता ४ च्या खाली आला, तर आतून गळतोय. असा सेल ठेवू नका. त्याचं गळणं वाढतच जातं आणि एखाद्या रात्री चार्जरमध्ये तेच महागात पडतं.

आठवड्यानंतरही आकडा जागच्या जागी असेल आणि फक्त टॉर्चमध्ये ठेवल्यावरच उतरत असेल, तर टॉर्चचं इलेक्ट्रॉनिक बटण तो हळूहळू पितंय. बंद असतानाही त्या सर्किटला थोडी वीज लागते. पुष्कळ टॉर्चमध्ये मागचं टोपण पाव फेरा सैल केलं की संपर्क तुटतो. सैल करून बटण दाबून बघा. नाही लागला, तर ठेवताना नेहमी तसंच ठेवायचं.

चार्जच होत नाही

इथे सेलला हात लावण्याआधी केबल बदला. टॉर्चला सी-टाइप तोंड असतं, आपण फोनच्या नव्या चार्जरची दोन्हीकडे सी असलेली केबल लावतो आणि काहीच होत नाही. स्वस्त टॉर्च बनवणारे त्या तोंडामागे लागणारे ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर घालत नाहीत. ते नसले की चार्जरला पलीकडे कोणी जोडलंय हे कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल आणि साधा चार्जर लावा, लगेच लाल दिवा लागेल. याच एका कारणाने चांगले टॉर्च भंगारात गेलेले पाहिलेत, म्हणून आवर्जून लिहितोय. फोनचा वेगवान चार्जर टॉर्चला जाळेल ही भीती मात्र नको. समोरून मागणी आल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही.

केबल बदलूनही होत नसेल, तर सेलचे व्होल्ट मोजा. लांबी ६९ मिलिमीटरच्या आसपास असेल तर सेलच्या बुडाशी संरक्षक सर्किट आहे. त्याने सेल बाहेरच्या टोकांपासून तोडून ठेवला की मीटर शून्य दाखवतो. चांगल्या चार्जरमध्ये ठेवल्यावर क्षणात ३ च्या आसपास येतो आणि चार्जिंग सुरू होतं. हा बिघाड नव्हे, सर्किटने आपलं काम केलंय.

पण साधा, संरक्षण नसलेला सेल २ व्होल्टच्या खाली गेलेला असेल, तर तो गेला असं समजा. टॉर्च चालू राहून गेला, महिनोन्महिने तसाच पडला, असं झालं की सेलच्या आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज केला की तेच तांबं नको त्या जागी जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्टची वाट तयार होते. वरून सेल चांगला दिसतो, ४.२ सुद्धा दाखवतो. दुसऱ्या भरलेल्या सेलला वायरी जोडून "धक्का देऊन जिवंत करणं", फ्रीजरमध्ये ठेवणं असे प्रकार व्हिडिओंमध्ये दाखवतात. फ्रीजरने काहीही होत नाही, आणि धक्का दिलेला सेल जिवंत झालाच तर तो जास्त धोकादायक होतो. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी हे घरात करू नका, कळकळीने सांगतो.

सेल बसतो, पण टॉर्च लागत नाही

प्लसची टोपी बघा. काही सेलना बटणासारखा उंचवटा असतो, काहींना सपाट टोक. पुष्कळ टॉर्चमध्ये प्लसच्या संपर्काभोवती प्लास्टिकचं कडं असतं, उलटा सेल घातला तर सर्किट जळू नये म्हणून. सपाट टोक त्या कड्यावरच अडतं, संपर्कापर्यंत पोचत नाही. मग लोक चॉकलेटच्या चांदीचा बोळा किंवा छोटं चुंबक मधे घालतात. टॉर्च लागतो, आणि पहिल्यांदा हातातून पडला की तो बोळा किंवा चुंबक सरकून टोपी आणि डब्याची कडा यांना जोडतो. धातूची नळी, दोन्ही टोकं घट्ट बंद, आत शॉर्ट झालेला सेल: या अवस्थेला तुम्हाला पोचायचं नाहीये. उंचवट्याचा सेल आणा.

लांबीचंही तेच. संरक्षित सेल तीन-चार मिलिमीटर जास्त लांब असतो. टोपण पूर्ण आवळलं जात नसेल तर जोर लावू नका, सेलचं बूड चेपतं आणि तिथलं सर्किट फुटतं.

दोन सेल एकामागे एक बसणारा टॉर्च असेल तर दोन्ही एकाच वेळी घेतलेले, एकाच कंपनीचे, एकाच व्होल्टवर भरलेले हवेत. एक नवा, एक जुना घातला की जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याच्यातून उलटा करंट ढकलतो. एक बिघडला तर दोन्ही बदला.

तापतो

पूर्ण उजेडावर टॉर्चचं डोकं तापणं स्वाभाविक आहे, ती एलईडीची उष्णता. शेपटीकडचा भाग तापत असेल किंवा चार्जिंगमध्ये मधली नळी गरम होत असेल, तर थांबा आणि वरच्या सगळ्या तपासण्या करा.

एक गोष्ट आपल्या गावाची. बहुतेक सेलना ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचं असतं. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीच्या वर असतो, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर साठीच्या पुढे. चार्जिंग सकाळी लवकर, घरात, फरशीवर किंवा ओट्याच्या दगडावर करा. गादीवर, उशीजवळ, सोफ्यावर नाही, आणि झोपताना लावून नाही. सुटे सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत, महिनोन्महिने वापरायचे नसतील तर ३.७ व्होल्टच्या आसपास ठेवून.

बाद झालेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. सकाळी गाडी येते तेव्हा तो ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. आपल्या गाडीला ई-कचरा आणि घरगुती घातक कचऱ्याचे कप्पे वेगळे असतात, तिथे कर्मचाऱ्याच्या हातात "बॅटरी आहे" असं सांगून द्या. तो कचरा पुढे दाबला जातो, आणि दबलेला लिथियम सेल ढिगात पेटला की होरपळतो तो तिथे काम करणारा माणूस.